वाकळ पुरी होऊ नये म्हणून

दुपारी बाळाची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवून बायका उठल्या की मी सुया मोजायचे. वापरातल्या चार आणि एक जास्तीची, अशा पाच. पाचही सुया लाल फडक्यात टोचलेल्या दिसत असल्या तरी मी वाकळ उलटी करून तिच्यावरून तळहात फिरवायचे, बाजेखाली वाकून बघायचे आणि परत मोजायचे. आई म्हणायची, "मास्तरीण हाय माझी लेक. मोजल्याबिगर तिला चैन पडत न्हाई." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे माझ्या मोजण्याचं कुणाला नवल वाटत नव्हतं, आणि माझ्या दृष्टीने ते फार सोयीचं होतं.

माझी मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. बाळंतपण लातूरला झालं, सिझर. पाचव्या दिवशी मला माहेरी, शिरूर अनंतपाळला आणलं. नवरा नोकरीपायी नांदेडला, तिथे आमचा तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. सासू-सासरे बिलोलीजवळच्या गावात, शेतावर. तिसरा महिना संपला की मी मुलीला घेऊन नांदेडला जायचं, असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलेलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. त्या दिवसांत मला काहीही विचारलं तरी मी हो म्हणत होते, कारण नाही म्हटलं की का ते सांगावं लागतं.

मुलगी झाली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली, तेव्हा ते इथे असू दे. भुलीमुळे असेल म्हणून मी वाट बघितली. मग वाटलं, टाके दुखतात म्हणून असेल. डिंकाचे लाडू खाल्ले, अळिवाची खीर प्याले, बाजेखालच्या शेगडीवर ओवा-शेपाची धुरी घेतली. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "आता तुला दुसरं काय सुचत नसंल बघ." खरंच सुचत नव्हतं, पण ती म्हणत होती तसं नव्हे. मी मुलीला घ्यायचे, पाजायचे, पुसायचे. सगळं वेळच्या वेळी, शाळेच्या तासांसारखं. आणि ती झोपली की भिंतीकडे तोंड करून रडायचे, कशासाठी ते माहीत नसताना.

पहिल्यांदा तो विचार आला तेव्हा भर दुपार होती. मी तिला पाजत होते आणि डोळ्यांसमोर नांदेडच्या घराची गॅलरी आली. कठडा कमरेएवढा, खाली पार्किंगची फरशी. मी तिला घेऊन उभी आहे आणि माझे हात सुटतात. सुटतात की मी सोडते, ते कळत नव्हतं. मी इतकी दचकले की मुलीच्या तोंडातून दूध सुटलं आणि ती रडायला लागली. त्या दिवसापासून तो विचार रोज यायला लागला, दिवसातून वीस वेळा, मी दुसरंच काही करत असताना. गरम पाण्याचा हंडा दिसला की यायचा. विळी दिसली की यायचा. सुई दिसली की वाटायचं, ही आपण कुठेतरी ठेवू आणि ती तिला टोचेल, आणि ती आपण मुद्दाम ठेवलेली असेल. म्हणून मी सुया मोजत होते.

माहेरी निदान माणसं होती. नांदेडला नवरा सकाळी आठला जाणार आणि रात्री सातला येणार. मधले अकरा तास मी, ती आणि गॅलरी. मी कॅलेंडरकडे बघायचं सोडून दिलं होतं.

आता वाकळीचं. आमच्याकडे पहिलटकरीण माहेराहून निघते तेव्हा बाळाची वाकळ तिच्यासोबत जाते. बाजारातून आणलेली चालत नाही. घरातल्या आणि शेजारच्या बायकांच्या जुन्या सुती साड्या, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या, एकीवर एक अंथरायच्या आणि चौघींनी चार बाजूंना बसून धावदोरा घालत यायचं. कडेने सुरुवात करायची आणि चौकोनाच्या फेऱ्या घेत आत आत सरकायचं. मधोमध तळहाताएवढी जागा उरते, ती बाळाच्या आईने शिवायची. सव्वा महिना होईपर्यंत बाळंतिणीने सुईला हात लावायचा नाही, डोळ्यांवर जोर पडतो म्हणून. त्यानंतर मला चौथी बाजू मिळाली. बाकीच्या तीन बाजूंना आई, माझी भावजय आणि शेजारची आक्का. आक्काचं वय सत्तरीच्या पुढे, गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या वाकळी तिच्या हातच्या. तिची ओळ दोऱ्याने आखल्यासारखी सरळ जाते, आणि दुसऱ्याची वाकडी गेली तर ती तोंडाने काही बोलत नाही, नुसती बघते. ते जास्त लागतं.

आणि आईचा एक नियम होता, तिच्या आईचाही तोच होता: वाकळ झाल्याशिवाय लेक निघत नाही. अर्धवट वाकळ घेऊन सासरी गेलं की बाळाची झोप अर्धवट राहते म्हणे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण दहावीच्या पोरांना प्रमेय शिकवणाऱ्या मला त्या घरात एवढी एकच वाट सापडली होती. वाकळ झाली नाही तर मला जावं लागणार नव्हतं.

सकाळी न्हाऊ घालणारी बाई यायची. ती आणि आई मुलीला घेऊन न्हाणीत जायच्या. मी तिथे थांबत नसे. गरम पाण्याजवळ मला उभं राहवत नव्हतं आणि "मला वाफेनं गरगरतं" हे कारण सगळ्यांना पटलं होतं. भावजय तेव्हा तिच्या मुलाला घेऊन स्वयंपाकात असायची. मग मधल्या खोलीत मी आणि घडी घातलेली वाकळ. मी कोपऱ्यातली एक घडी उलटायची, सुईच्या टोकाने गाठ सैल करायची आणि टाके एकेक करून उसवायचे. दोरा दाताने तोडून पदराला बांधून ठेवायचे, नंतर चुलीत टाकायचे. एकाच बाजूचं उसवलं तर लक्षात येईल, म्हणून आज आईची ओळ, उद्या भावजयीची, परवा माझी, असा क्रम लावला होता. आक्काच्या बाजूला हात लावायची हिंमत झाली नाही. न्हाणीतून मुलीच्या रडण्याचा आवाज यायचा आणि मी इकडे तिची वाकळ उसवत बसलेली. ती पंधरा मिनिटं मला दिवसभरातली सगळ्यात शांत वाटायची, हे सांगायची लाज वाटते, पण तसंच होतं.

दुपारी बायका बसल्या की गोंधळ सुरू व्हायचा. "हितवर आलो हुतो की काल!" आई म्हणायची. आधी दोऱ्यावर आळ आला, मग उंदरावर. वडिलांनी पिंजरा आणून लावला, त्यात दोन दिवस भजं ठेवलं. तिसऱ्या दिवशी उंदीर सापडलासुद्धा. त्या बिचाऱ्याला पिशवीत घालून ओढ्यापलीकडे सोडलं आणि सगळ्या निश्चिंत झाल्या. मी मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा उसवलं.

मग आळ भावजयीवर आला. माझ्या क्रमात एक चूक झाली होती. तिची बाजू खिडकीकडे यायची, तिथे उजेड चांगला, म्हणून नकळत तिच्या ओळी मी जास्त उसवत होते. आई आधीच वैतागलेली. ती सगळ्यांदेखत तिला म्हणाली, "गाठ मारता येत न्हाई का तुला? चार वर्सं झाली ह्या घरात येऊन. माहेरी काय शिकिवलं तुला?"  भावजयीने सुई फडक्यात टोचली, उठली आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी आदळल्याचा आवाज आला. मी मान खाली घालून टाके घालत राहिले. एक शब्द बोलले असते तर तिची सुटका झाली असती. मी तो बोलले नाही. त्या काळात मी स्वतःला पुष्कळ शिव्या दिल्या, बहुतेक विनाकारण होत्या, पण ही एक शिवी मी आजही परत घेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीचं दार लागलं आणि मी वाकळ उलगडली. भावजयीची बाजू आता सोडायची ठरवली होती, म्हणून माझीच ओळ काढायला घेतली. चारपाच टाके निघाले असतील, तोवर उंबऱ्यात कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. आक्का होती. सकाळी ती कधीच येत नसे.

"उंदीर कुरतडतो," ती म्हणाली. "गाठ सोडत बसत न्हाई."

माझ्या हातात सुई, मांडीवर दोरा.  ती येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली, गुडघे धरून, हळूहळू. मला वाटलं आता ती आईला हाक मारणार.

"जायचं न्हाई का तुला? जावई तरास देतो?"

मी मानेने नाही म्हटलं.

"सासू?"

"नाही आक्का. सासू चांगली आहे."

"मंग कुणाचं भ्या?"

इतके दिवस जे मी तोंडातल्या तोंडातसुद्धा म्हटलं नव्हतं, ते त्या बाईपुढे सरळ बाहेर पडलं. मी म्हटलं, "माझं. मी हिला काहीतरी करीन. तिथे मी एकटीच असणार. मी तिला गॅलरीतून टाकून देईन, आक्का." आणि मग मला इतकी थंडी भरली की दात वाजायला लागले. न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि न्हाऊ घालणारी बाई मुलीशी लाडाने बोलत होती.

आक्का घाबरली. तिचा चेहरा उतरलेला मी बघितला. ती शहाण्यासारखं काही बोलली नाही. तिने एवढंच विचारलं, "केलंस का काही?"

"नाही."

"मारलंस? चिमटा काढलास?"

"नाही हो!"

"मंग दे ती सुई हिकडं."

मला वाटलं ती सुई काढून घेतेय. तिने वाकळ फिरवली, स्वतःची बाजू मांडीवर घेतली आणि सुईचं टोक घालून स्वतःचीच ओळ उसवायला लागली. ती सरळ, आखीव ओळ. वीसेक टाके काढून झाल्यावर म्हणाली, "माझ्या बाजूचं निघालं म्हंजी तुझी माय कुणाला बोलणार न्हाई. किती दिवस पायजेत तुला?"

 मी रडत होते, आणि हे रडणं रोजचं भिंतीकडचं नव्हतं. दोघींनी मिळून दोन ओळी काढल्या. दोरा गुंडाळत ती म्हणाली, "पर असं उसवून किती दिस भागंल? मायला सांग तू. आज सांग. तू न्हाई सांगितलंस तर मी सांगणार." म्हणजे दया होती, पण मुदत घालून दिलेली.

मी दुपारी सगळं सांगितलं, उसवण्याचंसुद्धा, वाकळीभोवती, आई आणि भावजय दोघींसमोर. आक्का माझ्या शेजारी सरकून बसली होती. आईची पहिली प्रतिक्रिया अशी की तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "असलं तोंडातनं काढू नाई! बाळंतिणीनं असलं बोलू नाई!" मग ती उठली, मीठ-मोहऱ्या घेऊन आली आणि माझी दृष्ट काढली. माझी काढली, मुलीची काढली, मोहऱ्या चुलीत टाकल्या. तडतडल्या तेव्हा "बघ किती लागली हुती" असं आक्काला दाखवलं. मला राग येत होता आणि आईची कीवही येत होती. तिला जेवढं येत होतं तेवढं ती करत होती.

भावजय इतका वेळ सुई हातात धरून बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्याच टाक्याला हात घातला तुम्ही, ताई."

"चुकलं माझं."

"चुकलंच. मी रातभर इचार केला, खरंच मला गाठ मारता येत न्हाई का म्हणून." मग ती आईकडे वळली. चार वर्षांत मी तिला आईच्या डोळ्याला डोळा देऊन बोलताना पहिल्यांदा बघत होते. "मलाबी असंच व्हायलं होतं, आत्या. पोरगं झालं तवा. मी त्याला पाळण्यात ठिवून गच्चीवर जाऊन बसायची, त्याला माझा हात लागू नाई म्हणून. तुम्ही म्हणलात, कामचुकार हाय."

 आईच्या हातात मिठाची वाटी तशीच होती. ती खाली बसली. भावजय तिच्या कडेला पडलेला दोरा गोळा करत मला म्हणाली, "माझं मी सोसलं, पण ते बरोबर न्हवतं. तुम्ही शिकलेल्या हाव. लातूरला डॉक्टर हाय ना असल्याचा? चला, मी येते संगं."

आणि ती आली. भावाने गाडी काढली, आई मुलीला घेऊन मागे बसली, भावजय माझ्या शेजारी. लातूरच्या डॉक्टरबाई फार कमी बोलणाऱ्या निघाल्या. त्यांनी माझ्या तोंडून सगळं काढून घेतलं: झोप, भूक, सुया, गॅलरी, स्वतःला संपवावंसं वाटतं का तेही. ते एकदा वाटलं होतं असं मी सांगितलं, आणि बाहेर बाकावर आई बसली होती तिला ते ऐकू गेलं असेल का, याचीच मला काळजी लागली. त्या म्हणाल्या, हा आजार आहे आणि तो बरा होतो. असे विचार पुष्कळ आयांना येतात. तुम्हाला त्यांची भीती वाटते, ते हवेसे वाटत नाहीत, हे लक्षात ठेवा. गोळ्या दिल्या, पाजणं सुरू ठेवता येईल म्हणाल्या. काही आठवडे एकटं राहायचं नाही, आणि काही वेगळं वाटलं, आवाज आले, कुणी सांगतंय असं वाटलं, तर त्याच दिवशी यायचं, हे दोनदा बजावलं. नवऱ्याला त्यांच्यासमोरच फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला वाटलं तू माझ्यावर रागावलीस म्हणून फोनवर बोलत नाहीस."

गोळ्यांनी लगेच काही होत नाही हे मला सांगितलं होतं, तरी मी तिसऱ्या दिवशी चिडले की काही होत नाही. विचार येत होते. फरक एवढाच की आता वाकळीवर बसल्या बसल्या मी म्हणू शकत होते, "आला." आणि भावजय म्हणायची, "येऊ द्या, तुम्ही टाका घाला."

वाकळ मात्र पुढे सरकेना. कारण आता चौघीही मुद्दाम सरकवत नव्हत्या. रोज दुपारी नेमाने बसायच्या, चार बोटं शिवायच्या आणि आक्का म्हणायची, "हे काय जमलं न्हाई," की दोन बोटं उसवायच्या. आईसुद्धा. नियम आईचाच होता, तो तिने मोडला नाही, नुसता लांबवला. बिलोलीहून सासूचा फोन आला की ती न अडखळता सांगायची, "वाकळ न्हाई झाली हो इहीनबाई अजून." त्या कापडाला इतक्या वेळा सुई लागली की जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळीच्या ओळी दिसायला लागल्या, ज्यात आता दोरा नव्हता.

मधला चौकोन माझा, खरं तर शेवटी शिवायचा. एक दिवस मी पेटीतून काळं कापड काढलं. एका जुन्या सुती परकराचं, चांगलं मऊ. आई म्हणाली, "काळं? पोराच्या वाकळंला?" आक्का म्हणाली, "तीट म्हणून चालतंय बारकंसं." मी बारकंसं कापलं नाही. तळहाताएवढं कापलं, कडा वेड्यावाकड्या ठेवल्या आणि मधोमध ठेवून टाचलं. कुणी तरी विचारेल म्हणून थांबले, मग स्वतःच म्हणाले, "हे दोन महिने." बाकी काही सांगावं लागलं नाही. मी ते काळं काळ्या दोऱ्याने शिवलं, टाके दिसतही नव्हते. दुसऱ्या दिवशी भावजयीने त्याच्याभोवती हिरव्या दोऱ्याची एक फेरी घातली. म्हणाली, "हे माझं. ह्याच्यात माझंबी हाय." आईने लाल दोरा घेतला. तिची फेरी घालताना ती नाक ओढत राहिली. आक्काने पिवळी घातली आणि सरळ ओळ घालणारी ती बाई माझ्या वाकड्या कडेबरोबर वाकडी गेली. बघायला ते काही सुंदर नव्हतं. प्रदर्शनात ठेवलं तर लोक पुढे जातील. पण माझ्या डोक्यात जे होतं ते डोक्याच्या बाहेर, जमिनीवर, मला दिसेल असं पहिल्यांदा ठेवलेलं होतं, आणि त्याच्या कडेला आणखी तिघी होत्या.

चौथ्या महिन्यात सासू स्वतःच आली. न सांगता, एसटीने, नांदेडला गाडी बदलून. मी खिडकीतून तिला फाटकातून येताना बघितलं. नवऱ्याने तिला सांगितलं आहे का, किती सांगितलं आहे, मला माहीत नव्हतं. मला एकच भीती होती: ती म्हणेल, असल्या बाईच्या हातात आमचं लेकरू ठेवायचं नाही. आणि त्यावर मी काय म्हणणार होते? मलाही इतके दिवस तेच वाटत होतं.

ती पाणी प्याली, मुलीला मांडीवर घेतलं, तोंड कुरवाळलं. मग वाकळीकडे बघितलं. मुलीला आईकडे देऊन तिने वाकळ खिडकीपाशी ओढली आणि उजेडात धरली. भोकांमधून ऊन येत होतं. तीही आयुष्यभर वाकळी शिवलेली बाई. एकेका ओळीवरून तिने बोट फिरवलं. आई काहीतरी दोऱ्याचं सांगायला लागली, तिला सासूने हाताने थांबवलं.

"किती डाव उसवून राहिल्या तुम्ही हे," ती म्हणाली. "पोरानं सांगितलं मला थोडंसं. मला वाटलं, काहीतरी रुसवाफुगवी हाय. एवढं हाय, हे कळलं न्हाई." मग माझ्याकडे बघून, "फोनवर म्हणायचं न्हाईस का, या म्हणून?"

मी म्हटलं, "तुम्ही मुलगी घेऊन जाल असं वाटलं."

"घेऊन जाऊन काय करू? दूध पाजू?" ती चिडूनच बोलली, आणि तिच्या चिडण्याने मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. भावजय चहा ठेवायला उठली तशी तिच्या जागेवर सासू बसली आणि सुई मागितली. संध्याकाळपर्यंत वाकळ झाली. त्या दिवशी कुणीच उसवली नाही.

नांदेडला मी एकटी गेले नाही. सासू आली. सासऱ्यांच्या जेवणाची सोय तिने जावेकडे केली आणि आमच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. गॅलरीचं दार मी बंदच ठेवायचे, कपडे खोलीत दोरी बांधून वाळत घालायचे. तिने एकदाही का ते विचारलं नाही. ती मला क्षणभर एकटी सोडत नसे. मी आंघोळीला गेले तरी मुलीला घेऊन दाराबाहेर उभी. त्याचा मला आधारही वाटायचा आणि कधीकधी डोकंही उठायचं. विचार अजून यायचे, पण विसाचे चार-पाच झाले होते. सहाव्या महिन्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, आता थोडा थोडा वेळ एकटं राहून बघा. रजा संपली की पुढे शाळाही होतीच. मी ते घरी सांगितलं आणि आठ दिवस त्यावर कुणी बोललं नाही.

मग एका सकाळी, अकराच्या सुमाराला, सासूने कापडी पिशवी घेतली. "भाजी घेऊन येते. अर्ध्या घंट्यात येते," म्हणाली आणि माझ्या होकाराची वाट न बघता निघाली. दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

मुलगी झोपली होती. मी गॅलरीची कडी बघून आले. परत जाऊन बघून आले. जमिनीवर बसले, फोन हातात घेतला, नवऱ्याचा नंबर काढला आणि लावला नाही.  तेवढ्यात ती जागी झाली आणि रडायला लागली. मी लगेच उठले नाही. हे मला कबूल करायला हवं. मी तिच्यापासून चार हातांवर बसून तिच्याकडे बघत राहिले, आणि ती लाल होईपर्यंत रडली. तिला मी हवी होते आणि मला माझी भीती वाटत होती, आणि त्या घरात तिसरं कुणी नव्हतं. मग मी उठले. तिला घेतलं. विचार आलाच, वेळेवर. मी मोठ्याने म्हटलं, "आलास? बस तिकडं." तो गेला की बसला ते मला नक्की सांगता येणार नाही, कारण त्याच वेळी कळलं की मुलीने पाठीपर्यंत घाण केली आहे. मग तिला पुसणं, कपडे बदलणं, माझा हात, तिचा पाय, परत तिचा पाय त्यातच. मी वैतागले, तिला रागावले, आणि ती माझ्याकडे बघून हसली. पाजलं. ती गप झाली.

घाणेरडं फडकं पिशवीत बांधून बाहेर ठेवावं म्हणून तिला कडेवर घेऊन मी दार उघडलं. सासू जिन्याच्या वरच्याच पायरीवर बसली होती. पिशवी घडी घालून मांडीवर, चपला बाजूला काढलेल्या.

"भाजी?" मी विचारलं.

"न्हाई गेले."

"इथेच होता? एवढा वेळ?"

"हाव. ती रडली तवा उठले होते बघ. दाराला हात लावला होता. मंग ती गप झाली, मंग परत बसले."

मला राग आला. खरंच आला. "म्हणजे भरवसा नव्हताच की माझ्यावर."

"तुझ्यावर होता गं," ती म्हणाली. "माझे पायच खाली उतरंनात."

मी मुलीला तिच्यापुढे केलं. तिने हात मागे घेतले. "असू दे तुझ्याकडंच," म्हणाली, भिंतीला धरून उठली आणि चपला हातात घेऊन आत आली. घरात भाजी नव्हती, त्या दिवशी आम्ही पिठलं केलं.